शिवणीत सोडलेलं बोटभर कापड

नातवानं पुण्याहून सायकलची चड्डी आणली. म्हणजे सायकल चालवताना घालायची. काळी, अंगाला चिकटून बसणारी, बुडाखाली मऊ गादी लावलेली. किंमत विचारली तर सांगेना. मीही त्याचीच आजी. खोक्यातला कागद शोधला, चष्मा लावून वाचला आणि म्हटलं, अरे, एवढ्यात माझ्या लग्नाचा सगळा बस्ता झाला असता, वर मांडवाचा खर्चही निघाला असता. तो हसला. म्हणाला, "आजी, तुला नाही कळायचं. ही परदेशात शिवलेली आहे."

मला नाही कळायचं! ती चड्डी मी उलटी केली आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. बरी होती. ठोकलेली नव्हती, मशीननंच सपाट केलेली होती, पण बरी होती. म्हटलं, बाबा, तुझ्या बापाच्या जन्माआधी असल्या चड्ड्या आम्ही इथं शिवल्यात आणि त्या परदेशात विकल्या गेल्यात. त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

दुष्काळाचं साल होतं. आमचं गाव तिसगावच्या बाजाराला जोडलेलं, आधीच कोरडं. विहिरींनी तळ गाठला होता आणि घरोघरी रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी चालल्या होत्या. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. आमचे हे पोस्टमन. सकाळी टपालाची पिशवी सायकलला अडकवायची आणि पाच-सहा गावं फिरून संध्याकाळी परतायचं. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, आणि थोरली जाऊ. जावेचा नवरा जनावरं घेऊन गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला गेला होता, चाऱ्यासाठी. जाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

मी मात्र सावलीत होते, हे कबूल करायला हवं. माहेरी मशीन शिकलेली असल्यामुळं चर्चच्या आवारातल्या शिवणवर्गात मला काम मिळालं होतं. आठ मशीनं, आठ बायका. निम्म्या ख्रिस्ती घरांतल्या, निम्म्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या. वर एक मास्तर. ते भिंगारचे, छावणीत शिपायांचे गणवेश शिवून केस पांढरे केलेले. बोलणं तुटक, पण कात्री धरली की बघत राहावं.

जावेची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. जाऊ तिला कामावर न्यायची, बाभळीखाली पोत्यावर निजवायची आणि शेजारी बसून दिवसभर हातोडा चालवायची. त्या धुळीनं पोरीला खोकला लागला होता. साधा नव्हे, पोटातून यायचा. गंमत म्हणावी की काय म्हणावं, पोरीला त्या ठोक्यांचीच सवय झालेली. घरी शांत असलं की झोपायचं नाव नाही, रडून रडून निळी व्हायची. मग जाऊ उंबऱ्यापाशी बसून दगडानं दगडावर हळूहळू ठोकायची, तेव्हा कुठं डोळा लागायचा. आत्याबाई म्हणायच्या, "जगायेगळी हाय तुझी लेक. अंगाई नको, हातोडा पायजे." आम्ही हसायचो, आणि हसताना मला माझी लाज वाटायची.

तर अशात मुंबईचा एक शेठ मोटारीतून आला. परदेशात कपडा पाठवायचा त्याचा धंदा. त्यानं टेबलावर एक काळी चड्डी ठेवली, सोबत एक चित्राचा कागद. कागदावर एक गोरा माणूस सायकलवर वाकलेला, मागं डोंगर. शेठ म्हणाला, शर्यतीची चड्डी आहे, हौशी लोक वापरतात. मग तिथली विकायची किंमत सांगितली. मास्तरांचा दोन महिन्यांचा पगार त्यात बसत होता.

मास्तर म्हणाले, "शेठ, येवढे पैसे कोन देतं चड्डीला?"

"किंमत कमी ठेवली तर कोणी हात लावत नाही, मास्तर. गिऱ्हाईक म्हणतं, यात काहीतरी खोट असणार."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्याकडं किंमत जास्त सांगितली की म्हणतात, यात खोट असणार." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेठही हसला, पण तो पुढं सांगतच राहिला. पातळ कागदात गुंडाळायची, खोक्यात घालायची, वर एक कार्ड ठेवायचं. निम्मी किंमत त्या खोक्याची आणि कार्डाची आहे, म्हणाला. मी मनात म्हटलं, खोकंच विका की मग.

बारा नग नमुन्याला द्यायचे ठरले. पसंत पडले तर वर्षभराचं काम, आणि आणखी चार बायका घ्यायच्या. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. त्या चारांत जाऊ बसली पाहिजे. पोरगी धुळीतून निघाली पाहिजे. दुसऱ्याच दिवशी मी जावेला मास्तरांपुढं उभी केली. त्यांनी तिच्या हातात ते काळं कापड दिलं. तिनं त्यावरून हात फिरवला आणि सर्र करून एक धागा निघून आला. हातोड्यानं तळवे चिरून खरखरीत झाले होते. मास्तरांनी कापड काढून घेतलं. "न्हाई चालायचा हिचा हात," म्हणाले. जावेनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सरळ कामावर गेली. मास्तरांचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी दोन सुया मोडल्या.

नमुन्यांचं मात्र आम्ही मन लावून केलं. आता इथं आमची रीत सांगायला हवी. आमच्याकडं कुठलाही कपडा शिवताना शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडायचं. पोर वाढतं, बाई भरते, कपडा उसवून मोठा करता येतो. जो शिंपी आत कापड सोडत नाही तो चोर, अशी सरळ समजूत. मास्तर म्हणाले, "येवढं दाम मोजनारा मानूस. उद्या त्येचं पोट सुटलं, तर चड्डी काय टाकून द्यायची त्येनं? दीड बोट सोडा." आम्ही दीड बोट सोडलं. दुहेरी टीप मारली. हत्तीनं ओढली तरी उसवणार नाही अशा बारा चड्ड्या मुंबईला गेल्या.

दोन महिन्यांनी बाराच्या बारा परत आल्या. बरोबर शेठचं पत्र. पहिल्याच फेरीत चालवणाऱ्यांच्या मांड्या सोलवटल्या, तिकडून तक्रार आली आहे. पंधरा दिवसांत सहा नवे नग पाठवा, नाही जमलं तर काम दुसरीकडं देतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मास्तरांचा चेहरा उतरला, पण जीभ उतरेना. "टाका उसवला का? न्हाई. रंग गेला का? न्हाई. त्या सायबाला बसायचंच कळत न्हाई, त्याला मी काय करू?"

परत आलेल्यातली एक चड्डी मी मास्तरांना विचारून घरी आणली. सायकल चालवणारा माणूस माझ्या घरात होता, मग परदेशातल्याला कशाला विचारायचं? ह्यांना म्हटलं, उद्या ही खाकी पँटीच्या आतून घाला.

"वेडी का काय? पोस्टातला मानूस हाय मी."

"आतून कोण बघतंय? तुम्ही सांगत फिरणार आहात का?"

कुरकुरत घातली. संध्याकाळी आले ते सायकल हातात धरून, बदकासारखे फेंगडे पाय टाकत. आत येऊन पालथे पडले. आत्याबाई काळजीनं विचारतायत, "काय झालं रं? कुठं दुखतंय?" आता आईला काय सांगणार? मला म्हणाले, "हसू नगंस." मी हसत नव्हते. बरं, थोडी हसले. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच म्हटलं आणि खोबरेल लावायला बसले. तेव्हा दिसलं. जिथं जिथं आतली शिवण येत होती, बरोबर तिथं दोरीनं बांधल्यासारखा लाल वळ. आम्ही ज्याला चांगुलपणा समजलो, ते दीड बोट कापड त्या माणसांना मैलोन् मैल कापत गेलं होतं. त्यांना कपडा मोठा करायचाच नव्हता. त्यांना आत काही नको होतं.

रविवारी मी ती शिवण उसवली. जास्तीचं कापड कापलं, दोन्ही कडा दोन बाजूंना पसरून बारीक हातटीप घातली. पुष्कळ कमी झालं, तरी बोटाला उंचवटा लागतच होता. कोळशाची इस्त्री फिरवली. गरम असेपर्यंत सपाट राही आणि गार झालं की कापड पुन्हा वर येई. चार वेळा केलं. शेवटी चिडून चड्डी फेकली आणि रडायला बसले. पंधरा दिवसांतले नऊ गेले होते.

जाऊ धुण्याच्या दगडाजवळ पोरीला न्हाऊ घालत होती. तिनं चड्डी उचलली, शिवण चाचपून पाहिली. मग पोरीला आत्याबाईंकडं दिलं, शिवणीवर पाण्याचा हात फिरवला, ती धुण्याच्या गुळगुळीत दगडावर पसरली आणि आपल्या हातोड्याला चिंधी गुंडाळली.

मी ओरडले, "जाऊबाई, फाटंल!"

"न्हाई फाटत. गप बस, धाकटे." आणि ती ठोकू लागली. जोरात नाही. एकाच उंचीवरून, एकाच वजनानं, मुंगीच्या चालीनं पुढं सरकत. "सगळा जोर लावला तर दगडाचा भुगा व्हतो," ती म्हणाली, "मुकादम भुगा मोजत न्हाई. किती लावायचा त्ये हातालाच कळतं." एका बाजूनं झालं, मग दुसऱ्या. कापडाला तिचा तळवा लागलाच नाही, फक्त हातोडा लागला.

उन्हात वाळल्यावर ह्यांना बोलावलं. डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, शिवण कुठाय दाखवा. त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "हाय का न्हाई शिवन?" असं मलाच विचारलं. सोमवारी तीच चड्डी घालून ते पाथर्डीच्या रस्त्यानं लांबची फेरी करून आले आणि शीळ घालत अंगणात उतरले. त्यांना असं शीळ घालताना मी पहिल्यांदाच ऐकलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "मनीआर्डर तुझ्याच नावची आली का काय?"

मंगळवारी जाऊ कामावर गेली नाही. मी तिला घेऊन शिवणवर्गात गेले, ती पोरीला कडेवर घेऊन दारातच थांबली. मास्तरांनी चड्डी उलटी केली आणि अंगठ्यानं शिवण शोधू लागले. छावणीत आयुष्य घालवलेला माणूस, त्यांनाही सापडेना. विचारलं, "कुनी ठोकली?" मी दाराकडं बोट केलं. जावेनं हात पुन्हा पदराखाली घेतले.

मास्तर उठले. हळूच म्हणाले, "बाई, हात लपवू नका. चुकलं माझं." जन्मात ते असं कोणाला म्हणाले असतील असं वाटत नाही. मी त्या एका वाक्यासाठी त्यांचं सगळं माफ केलं.

सहा नग गेले आणि पसंत झाले. काम दोन-तीन वर्षं चाललं. पुढं त्या शेठला दुसऱ्या कुठल्या देशात, आमच्याहून स्वस्तात, शिवून देणारे मिळाले आणि मोटार यायची थांबली. पण तोवर पाऊसही आला होता. मधे एकदा शेठनं नवं कार्ड दाखवलं. मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला की प्रत्येक शिवण हातानं ठोकून सपाट केलेली आहे. त्या एका ओळीवर शेठनं तिकडं किंमत आणखी वाढवली होती. जाऊ म्हणाली, "खडी बी मी हातानंच फोडत हुते. तिला कुनी कारड न्हाई लावलं." शेठनं कार्ड परत खोक्यात घातलं. आम्ही मात्र त्याच्यासमोर पोट धरून हसलो.

आता जाऊ नाही. तिची ती पोरगी आजी झाली, नगरला असते, खोकला कधीच गेला. नातवाची ती महागाची चड्डी हातात घेतली तेव्हा मला किंमतही आठवली नाही आणि कार्डही नाही. मला त्या मंगळवारची दुपार आठवली.

मास्तरांनी जावेसाठी खिडकीशी लाकडाचा ठोकळा मांडला होता आणि एक लाकडी मोगरी आणून दिली होती. पोरीला मी खांबाला झोळी बांधून त्यात घातलं. जागा नवी, धूळ नाही, ऊन नाही, बायका हलक्या आवाजात बोलणाऱ्या. पोरगी जी रडायला लागली ती थांबेना. मी झोका दिला, एकीनं अंगाई म्हटली, एकीनं गुळाचं बोट चाटवलं. काही उपयोग नाही. जाऊ पोरीकडं उठून जाईना, पहिल्याच दिवशी काम सोडून कसं उठायचं म्हणून डोळ्यांत पाणी आणून तशीच बसून राहिली. मास्तर कात्रीवरून मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमी आपलं काम सुरू करा."

जावेनं मोगरी उचलली आणि पहिली शिवण ठोकायला घेतली. दहा-बारा ठोके झाले असतील. झोळीतली पोरगी झोपली.