फ्लेमिश चित्रातला पाठमोरा माणूस

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. नाशिकची, सायन्सवाली बाई आहे मी... कतारला, दोह्यात एका खाजगी संग्रहाच्या गोदामात चित्रं तपासते. चित्र बाहेर जाताना भिंगातून इंच न् इंच पाहायचं, फोटो काढायचे, रिपोर्टवर सही करायची. मग आमचे चिपळूणचे सुतार, बाळूकाका, लाकडी पेटी बंद करतात. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत मी जागचं हलायचं नाही, हा नियम.

गेल्या हिवाळ्यात एक जुनं फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडचं, निसर्गचित्र विकलं गेलं. नदी, झाडांची रांग आणि वाटेवर पाठमोरा माणूस. रिपोर्टमध्ये मीच लिहिलं — ‘मनुष्याकृती एक.’ दुसऱ्या दिवशी शहराबाहेर समैस्मा गावात नव्या मालकाच्या व्हिलात पेटी उघडली, तर वाट रिकामी!

आमचा मॅनेजर भडकला. चित्र बदललं म्हणाला, आणि संशय थेट काकांवर. पोलिसांत द्यायची भाषा सुरू झाली. मला विचारलं, "पेटी बंद होईपर्यंत तू तिथेच होतीस?" होते हो! पण तसं म्हटलं तर मीही अडकणार... मी म्हणाले, "मधे एक फोन आला होता." झालं, काकांना घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ आला. चौकटीचे खिळे तेच, मागची लेबलं तीच, रंगाच्या बारीक भेगा वाटेवरून अखंड गेलेल्या. कुठे खरवडल्याची खूण नाही. म्हणजे चित्र तेच! मग त्याने आधीच्या मालकांची फाइल चाळली. एकाच्या यादीत वाटेवर माणूस, पुढच्याच्या यादीत वाट रिकामी, त्यापुढच्याकडे परत माणूस... दर विक्रीला हेच. मॅनेजरने फाइल दोनदा वाचली, "खलास, विषय संपला" म्हणाला आणि काकांना परत बोलावलं.

मी त्यांना चहा नेऊन दिला. म्हटलं, "काका, सुटलात एकदाचे!"

ते रंधा पुसत होते. "चित्रातला तो बाबा कुठं गेला ते देव जाणे, ताई. पण तुम्ही तर समोरच होतात की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तो माणूस कसा गेला, याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. फोन आल्याचं मी का सांगितलं, याचं माझ्याकडे आहे... पण काकांना ते सांगायची हिंमत अजून झालेली नाही.