भीतीवर शेवग्याचं फूल

परभणीत मी ज्या छापखान्यात प्रुफं तपासते, तिथे एका दुपारी मानवतच्या एसटीचा कंडक्टर आला आणि दारातूनच म्हणाला, "कमलबाई गेल्या. तुमच्या वडलांचा निरोप हाय. हीच गाडी माघारी जायलीय, बसा." मला आधी रडू आलं नाही, राग आला. माझी आत्या छातीच्या दुखण्याने गेली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दुखण्यावर ती काय घेत होती तेही मला ठाऊक होतं. शेवग्याच्या फुलाचं पाणी... काही आठवडे उलटले, लोक म्हणतात आता शांत हो. मला शांत व्हायचं नाही.

कमलआत्या मानवतला मुलींच्या शाळेत शिकवायची. आमच्या घराने धम्म स्वीकारला तेव्हा देवांची टोपली नदीत सोडायला पुरुषमाणसं कचरत होती. ती टोपली हिने डोक्यावर घेतली. वर्गात कुणी मुलगी दंडाला गंडा बांधून आली की तिला जवळ बोलावून ती म्हणायची, "ह्या दोऱ्यानं काय होतं ते मला नीट समजावून सांग." अशा बाईच्या खिडकीत एक दिवस मला काचेचा वाडगा दिसला. पाण्यावर तरवडाची पिवळी फुलं ऊन खात तरंगत होती. परभणीच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांकडून ती फुलांच्या अर्काविषयी शिकून आली होती. हे औषध शरीराला नाही, मनाला. भीतीला एक फूल, पश्चात्तापाला दुसरं, चिडचिडीला तिसरं. विलायती फुलांच्या बाटल्या मुंबईहून मागवाव्या लागत. आत्याने ठरवलं, दुखणी मानवतची आहेत तर फुलंही मानवतचीच चालतील. स्वतःला दोष देत बसणाऱ्याला तरवड. ज्याचं मन ठरत नाही त्याला कापसाचं फूल, कारण ते आज पिवळं नि उद्या गुलाबी. भित्र्याला शेवगा, कारण त्याची फांदी चटकन मोडते आणि चटकन फुटतेही. याला पुरावा काय, असं मी विचारलं तर ती हसायची.

पाणी टिकावं म्हणून त्यात ब्रँडी घालावी लागे. दारूबंदीची गाणी मुलींकडून बसवून घेणारी ही बाई माझ्या वडलांना, म्हणजे आपल्या भावाला, दुकानात पाठवायची. ते बिचारे पिशवी पोटाशी धरून परत येताना, कुणी न विचारताच "ताईच्या औषधाला हाय" असं सांगत यायचे.

मला तिने बाभळीचं फूल दिलं.

"हे कशावर?"

"तुझ्या रागावर."

"माझा राग म्हणजे आजार नाही, आत्या. पाणवठ्यावर आपल्या बायांना ताटकळत ठेवतात म्हणून तो येतो. तो थेंबांनी कशाला घालवायचा?"

"घालव कोण म्हणतंय? रातच्याला झोपू दे त्याला. सकाळी दोघं उठा अन् जा भांडायला."

तिच्याशी भांडणं हा एक वैतागच होता. शेवटी मी पत्रक काढलं. लहानपणापासून घरात पत्रकंच वाचत आलेल्या मला दुसरं काही सुचतही नाही. गंडे सोडलेल्या माणसांनी आता थेंब का धरावेत, असा सवाल त्यात केला होता. आत्याने ते वाचलं, तांबड्या शाईने दोन जागी वाक्यरचना सुधारली आणि उरलेला गठ्ठा मागून घेतला. पुढच्या खेपेला गेले तर प्रत्येक बाटली माझ्या पत्रकात गुंडाळलेली. "आधी कागद वाच," ती लोकांना सांगत होती, "पटलं तर बाटली परत आणून दे." कुणी परत आणली नाही, हे तिने मला मुद्दाम कळवलं.

एक मात्र मान्य करायला हवं. ताप, दुखणं, रक्त जाणं यांवर तिने कधी थेंब दिले नाहीत. अशा माणसाला ती पायरीवरूनच वळवायची. "हे शरीराचं हाय, दवाखान्यात जा." हा तिचा नियम होता आणि तो तिने फक्त एका माणसाच्या बाबतीत मोडला.

आमची शेवटची भेट त्याच खिडकीपाशी झाली. पाण्याची कळशी ठेवून ती भिंतीला टेकली, हात छातीवर. डावा खांदाही भरून येतो म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच परभणीला चल. तिने जिभेवर शेवग्याचे थेंब घेतले. "शाळा तपासणी आलीय. दरसाली भीतीनं असंच होतंय मला."

"दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

तिने बाटलीचं बूच घट्ट बसवलं. मग म्हणाली, "आमच्या आईला दवाखान्यात नेलं होतं, संघा... माघारी न्हाई आली." आणि लगेच, "तपासणी होऊ दे. मग जाऊ."

तपासणी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात कंडक्टर आला.

विहारात शोकसभा भरली. एकामागून एक माणसं उठून बोलली. ताईंच्या थेंबांनी कुणाची झोप परतली, कुणाची सून बोलायला लागली. एकाने सांगितलं, फुलांच्या पुण्याईने ताईंना शांत मरण आलं. तिथे माझा धीर सुटला. वडील पदर ओढत होते तरी मी उठले. म्हटलं, शांत मरण आलेलं नाही. ती दुखणं अंगावर काढत गेली. मनाचं औषध तिने छातीच्या दुखण्यावर घेतलं, आणि तुमच्यापैकी कुणाच्या छातीत दुखत असेल तर त्याने उद्या दवाखाना गाठावा. सभा गार पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी महानंदाकाकू उभ्या. बाजारातल्या कापडदुकानवाल्यांच्या घरच्या, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात पिशवी. "माझ्याबी छातीत दुखायलंय," त्या म्हणाल्या. "लय दिवस झाले. घरी कुणाला बोलले न्हाई. तू येतीस का संगं?"

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. परभणी जवळ आली तशी त्यांनी कनवटीची आत्याच्या थेंबांची बाटली काढून जीभ पुढे केली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. इतकं ओरडून सांगितलं ते कुणासाठी?

"काकू, दुखण्यावर हे घ्यायचं नाही, काल सांगितलं ना."

"दुखण्यावर कुठं घ्यायलेय," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची भीती वाटायलीय, म्हणून घेतले. आता चल."

एवढंच करायचं होतं, आत्या. थेंब घ्यायचे आणि गाडीत बसायचं.