देवतळेकाका आणि अकरा गोण्या

देवतळेकाका कारखान्यात आले की आधी उंबऱ्याशी उकिडवे बसत. आदल्या दिवशीची पांढुरकी पूड टिकलीएवढी फरशीवर ठेवत आणि मुंग्यांची वाट पाहत. मुंगी फिरकली नाही, तरच माल पुढे जायचा. मी साताऱ्याहून आलेली नवी इंजिनिअर, मला हसू आवरेना. काका म्हणाले, "हस पोरी, हस. पण मुंगीले आपण पगार देत नाही, म्हणून ती खरं बोलते."

रसाच्या गाड्यांवरून मोसंबी आणि किन्नू संत्र्यांच्या साली आणायच्या, शिजवून धुवायच्या, त्यातल्या सेल्युलोजची पूड करायची आणि ती तयार गिलाव्याच्या गोण्यांत मिसळायची, हा आमचा उद्योग. जयपूरच्या उन्हात सिमेंटमधलं पाणी बघता बघता उडतं. ही पूड ते धरून ठेवते. पण सालीतली साखर राहिली, तर गिलावा वरून कडक दिसतो आणि आत भुसभुशीत राहतो. साखर मोजायचं यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा बिघडलेलंच. काका मूळ नागपूरचे. सरकारी प्रयोगशाळेत सिमेंट तपासण्यात हयात गेलेली. निवृत्तीनंतर तिलक नगरमधून स्कूटरवर आमच्याकडे यायचे, ते केवळ हौसेनं.

मे महिन्यात पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही आणि काका भाचीच्या लग्नाला नागपूरला गेलेले. मी साली आधीच्याच मळक्या पाण्यात पुन्हा खंगाळल्या. मग काकांसारखी पूड उंबऱ्यावर ठेवली. एकही मुंगी आली नाही. येणार कशी? झाडणाऱ्या बाईनं सकाळीच तिथे मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली होती. ती मला दिसली होती. तरी मी तपासणीच्या कागदावर सही केली, कारण मालकांचा फोन तिसऱ्यांदा वाजत होता.

काका परतले त्याच आठवड्यात शास्त्री नगरातल्या एका स्वयंपाकघरात छताचा नवा गिलावा ओट्यावर कोसळला. घरची बाई दूध उतरवून नुकतीच बाहेर गेली होती. काकांनी त्यातलं ढेकूळ बोटांनी चुरलं, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती गोण्या गेल्या?"

अकरा. एकेका घरानं डागडुजीला एकेक नेलेली. मालक म्हणाले, "एक ही तो गिरा है, चुप रहिए." काका म्हणाले, "डोक्यावरची वस्तू हाय बाप्पा. पडाले मुहूर्त लागत नाही."

दुकानदारांच्या आठवणीवर आम्ही घरं शोधू लागलो. काका काठीनं छत ठोकत आणि कान देऊन ऐकत. आवाज पोकळ आला की खोली रिकामी करायला लावून गवंडी बोलावत. प्रत्येक दारात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "गलती हमसे हुई है जी." लोक तोंडाला येईल ते बोलत आणि मी मागे उभी राहून चपलांकडे बघत असे. एकदा जिन्यात मी म्हणाले, "काका, चूक माझी आहे, तुम्ही का ऐकून घेता?"

"मंग मले काऊन सांगते? ज्याच्या डोक्यावर हाय, त्याले सांग."

नऊ गोण्या सापडल्या. जूनमध्ये भर दुपारी चौथा मजला चढून आल्यावर काका पायरीवर टेकले, ते उठलेच नाहीत. मला त्यांचा रागच आला. संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून मी किती विनवलं होतं! पण त्या माणसाला माझी चूक संध्याकाळपर्यंतसुद्धा कुणाच्या डोक्यावर ठेवायची नव्हती.

त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आदर्श नगरात दहावं घर सापडलं. दार एका तरुण मुलीनं उघडलं. आतल्या खोलीत पलंगावर तिचं तान्हं बाळ झोपलं होतं आणि बरोबर त्याच्या वर छताला ताजा गिलावा होता, मधोमध केसाएवढी चीर. मी आधी बाळ उचलायला सांगितलं.

"हुआ क्या है, मॅडम?" तिनं बाळाला छातीशी धरत विचारलं.

"यह माल मैंने पास किया था," मी म्हणाले. "गलती मेरी है."

बाळाचं डोकं तळहातानं झाकून ती अंगणात गेली आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिली. अकरावी गोणी अजून सापडलेली नाही.