आचोळ्याच्या गाळ्यात पाहिलेला सिनेमा

देवाने माझं काही बिघडवलं, असं उघडपणे म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. आम्ही वसईचे कॅथलिक. 'देवाची इच्छा' म्हणायचं आणि गिळायचं. मी गिळलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी जवळजवळ आठ महिने मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेलो नाही. विचारणाऱ्यांना गुडघे दुखतात म्हणून सांगत होतो. गुडघे ठणठणीत होते.

बावीस वर्षं मी आमच्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद वाटायला उभा राहिलो. शाळेत शिक्षक होतो, उच्चार स्वच्छ, हात स्थिर. तेव्हाच्या फादरांनी स्वतः बोलावून हे काम दिलं. दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मी वेदीच्या उजव्या बाजूला उभा राहायचो आणि समोर आलेल्या प्रत्येक तळहातावर 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणत ती पांढरी भाकर ठेवायचो. मला त्याचा अभिमान होता. नम्रपणाचा आव मीही आणत असे, पण आतून माहीत होतं की गावात माझी जागा कुठली आहे.

मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा बरा होणारा आजार नाही हेही सांगितलं. मी कुणाला बोललो नाही. पण लोकांना डोळे असतात. माझ्या रांगेतली माणसं हळूहळू पलीकडच्या रांगेत सरकू लागली. लग्नाच्या जेवणात आंबलेली भाजी टाळून पुढच्या पदार्थाकडे सरकतात, तशी. आणि एका रविवारी एका म्हातारीच्या तळहातापर्यंत पोहोचायच्या आत प्रसाद माझ्या बोटांतून निसटला आणि फरशीवर पडला. फादर वेदीवरून उतरून आले. वाकून त्यांनी तो उचलला, स्वतः खाल्ला, पाणी मागवून ती जागा धुतली. सगळं चर्च बघत होतं. फादरांचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे. पण त्या वेळी माझ्या पायांखाली विहीर असती तर मी उडी टाकली असती.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ऑफिसात बोलावलं. "सर, खूप सेवा केलीत. आता विश्रांती घ्या." महिन्याच्या शेवटी मिस्सा संपल्यावर शाल आणि श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. माणसाला घरी पाठवायचं असलं की आपल्याकडे शाल पांघरवतात. माझ्या जागी अंतोन उभा राहू लागला. तो माझाच विद्यार्थी. त्याला सातवीत मी दोनदा वर्गाबाहेर उभा केला होता.

त्याच्यापुढे जाऊन थरथरता हात पसरायचा, हे माझ्याने होईना. म्हणून मी जायचंच सोडलं. मोबाईलवर मिस्सा बघायचो. बायको फिलू एकटी जायची, परत आली की डोक्यावरची ओढणी काढत म्हणायची, "मोबाईलवर जेवन बगून पोट भरतं का तुमचं?" मी मोबाईल पालथा ठेवायचो. रात्रंदिवस देवाशी मात्र एकच भांडण चालू होतं. या हाताने तुझं शरीर वाटलं, दारू पिऊन कुणाला मारायला नाही उचलला, आणि तुला धरायला नेमका हाच हात सापडला?

माझी धाकटी बहीण नताल आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहते. काही वर्षांपूर्वी ती आमचं चर्च सोडून तिथल्या एका छोट्या प्रार्थनासभेत गेली. मूर्ती नाहीत, माळेची प्रार्थना नाही, फक्त बायबल. मी धर्मशिक्षण शिकवणारा माणूस, आणि माझीच बहीण फुटली! मी तिला नको ते बोललो होतो. तरी तिचा फोन आला. "दादा, पयल्या रविवारी आमच्याकडे पिक्चर लावनार हाये. जुन्या काळचा तो जर्मन संन्यासी नाय का, पोपच्या विरोधात उभा राह्यला, त्याचा. तू येस. तुला भांडायला तरी मिलंल."

मी गेलो ते खरंच भांडायला. खिशात छोटी वही आणि पेन होतं. सिनेमातल्या चुका टिपून घ्यायच्या आणि नतालला एकेक करून दाखवायच्या, असा बेत होता. शिवाय, खोटं कशाला बोलू, फादरांच्या कानावर जाऊन त्यांना झोंबावं हीही इच्छा होती. नंदाखाल गावची वेलची केळी पिशवीत घेतली, कारण बहिणीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, मग ती कितीही फुटलेली असो.

सभा म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला मोबाईलचं दुकान. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर, दुपारचे चार. नताल पुढे गाणाऱ्यांत बसली होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. डावीकडे साधारण माझ्याच वयाची एक बाई होती, सुक्या मासळीचा वास येत होता. उजवीकडे काठी घेतलेले एक म्हातारे.

सिनेमा हिंदीत उतरवलेला होता. जर्मनीचे सरदार हिंदी मालिकेतल्या सासऱ्यांसारखे बोलत होते. पहिल्या अर्ध्या तासात मी चार चुका टिपल्या आणि मला बरं वाटलं. तो तरुण संन्यासी देवाला भयंकर घाबरलेला. उपास करतो, थंडीत फरशीवर झोपतो, तासन्‌तास पापं कबूल करतो, तरी त्याला वाटतं देव नाराजच आहे. मग पुरोहित म्हणून त्याची पहिली मिस्सा येते. बाप समोर बसलेला. तो प्याला उचलतो आणि त्याचा हात थरथरायला लागतो. द्राक्षारस वेदीच्या कापडावर सांडतो. बाप मान खाली घालतो.

मी वही बंद केली. पुढचं मला नीट दिसलंही नाही. बऱ्याच वेळाने ऐकू आलं ते एवढंच, की तो संन्यासी कुणाला तरी सांगत होता, देवाची कृपा कमवता येत नाही, ती फक्त घ्यायची असते. आजूबाजूचे 'आमेन' म्हणाले. मला संताप आला. कमवता येत नाही? मग माझी बावीस वर्षं गेली कुठे? आणि संतापतानाच कळलं की आठ महिने मी देवाकडे त्याच वर्षांचा मोबदला तर मागत होतो. सेवा मी कधी वाहिली नव्हतीच. गुंतवून ठेवली होती. शाळेत शिकवण्याएवढं कृपेचं ते वाक्य मला पाठ होतं, आणि ते खरं कळायला यांच्या गाळ्यात येऊन बसावं लागलं, याचाही राग आला.

सिनेमा संपला आणि त्यांचं प्रभुभोजन, म्हणजे त्यांच्या पद्धतीचा ख्रिस्तप्रसाद, सुरू झालं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यासारखी रांग नाही त्यांच्यात. भाकरीची ताटली आणि पाठोपाठ द्राक्षरसाच्या इवल्याशा पेल्यांचं तबक हातोहात रांगेतून पुढे सरकतं; ज्याने त्याने घ्यायचं आणि शेजारच्याला द्यायचं. ताटली कशीबशी गेली. मग त्या बाईने काठोकाठ भरलेल्या पेल्यांचं तबक माझ्यापुढे धरलं.

"मावशी, तुम्हीच द्या पुढे," मी कुजबुजलो. "माझा हात हलतो. सांडेल."

"सांडला तं सांडला," ती म्हणाली. "पुसू."

आणि तबक माझ्या हातात देऊन मोकळी झाली. खालून हात लावला नाही, काढूनही घेतलं नाही. पेले एकमेकांवर किणकिणायला लागले. रस माझ्या पँटवर, फरशीवर सांडला. काठीवाल्या म्हाताऱ्यांनी काठी गुडघ्यांत धरली आणि हलत्या तबकातून पेला सापडेपर्यंत शांतपणे प्रयत्न करत राहिले. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा मिळाला. "थँक्यू," म्हणाले. तोवर ती बाई वाकून पदराने फरशी पुसतही होती.

मी स्वतः पेला घेतला नाही. मी कॅथलिक आहे आणि तसाच मरणार आहे. आमच्यात ते प्रभूचं शरीर असतं, प्रभूचं रक्त असतं. तिथे 'पुसू' म्हणून भागत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण आठ महिने मी हेच एक वाक्य ऐकायला तहानलो होतो, आणि ते वेदीवरून आलं नाही, मासळीच्या वासातून आलं. तिचं नाव मी विचारलं नाही. नताल म्हणाली, "कलंबची हाये, कदीमदी येते." मी तिला एकही चूक दाखवली नाही. केळी दिली, चहा घेतला. निघताना पूर्वी नतालला नको ते बोललेलं मनात आलं, पण माफी मागायचं धाडस झालं नाही. ते अजून बाकी आहे.

चमत्कार म्हणावा असं यात काही नाही. हात आजही हलतो. फादरांनी मला परत बोलावलं नाही, बोलावणारही नाहीत, आणि त्याची कडू चव जिभेवरून गेलेली नाही. तरी त्या दुपारबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो. कुरकुरत मानतो, पण मानतो. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं असं मी मुलांना शिकवत होतो. ज्याचे हात जोडलेले राहत नाहीत, त्याने काय करायचं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी फिलूला काही न सांगता मी इस्त्रीचा शर्ट घातला. तिने फक्त छत्री माझ्याकडे दिली. प्रसादाच्या वेळी पलीकडची रांग मोकळी होती. मी मुद्दाम अंतोनच्या रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तसा त्याचा चेहरा पडला. वर्गाबाहेर उभा असतानाही एवढा पडला नसेल. "सर," तो हळूच म्हणाला, "प्रसाद तोंडात देऊ?"

"नाही," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पुढे केले. ते जोरात हलत होते. एकाने दुसरा सावरायला गेलो, तर दोन्ही हलू लागले. अंतोन प्रसाद धरून वाट बघत राहिला. मागे कुणीतरी खाकरलं. रांग पार दारापर्यंत खोळंबली होती. खोळंबू दे, म्हटलं, आणि हात तसेच धरून उभा राहिलो.