शुक्रवारची बॅटरी-टेस्ट

१२ नोव्हेंबर, बुधवार. बुडालेल्या नोंदी कागदी अर्जांवरून पुन्हा भरायच्या होत्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत मशीनरूममध्ये पाय ठेवायचा नाही असं मला सांगण्यात आलं होतं, म्हणून अर्जांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आला.

एका विमा कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा मोठा संगणक, सांभाळणाऱ्या आम्ही दोघी. ती नौपाड्याची, मी डोंबिवलीची. बावीस वर्षं शेजारी शेजारी टेबलं.

आमच्या डिस्कच्या कपाटात कॅश नावाची मेमरी असते, डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान. तिच्यात काय ठेवायचं याला अक्कल लागते. गॅसजवळच्या फळीवर मीठ, मोहरी, हळद ठेवतात. वर्षाचे गहू तिथे ओतले तर मोहरीला जागा उरत नाही. म्हणून पॉलिसी शोधायची सूची आम्ही कॅशमध्ये ठेवायचो आणि बॅकअपसारखी, सगळं एकदाच वाचत जाणारी कामं कॅशला वळसा घालून चालवायचो. वाचण्यात धोका नसतो; कॅश पुसली गेली तरी मूळ प्रत डिस्कवर असते. धोका लिहिण्यात. नोंद कॅशमध्ये पोचली की कपाट ‘लिहिलं’ असं कळवून मोकळं होतं आणि डिस्कवर ती जरा वेळाने उतरते. तेवढ्यात वीज गेली तर नोंद एका बॅटरीच्या जिवावर असते. बॅटरी धड नसेल तर आधी कॅशमध्ये लिहिण्याची ही सोय बंद ठेवायची, मग काम कितीही हळू होवो. हा नियम नव्या माणसांना मीच शिकवते.

म्हणून दर शुक्रवारी बॅटरीची टेस्ट. टेस्टपुरती ती सोय बंद करावी लागते, स्क्रीन रेंगाळतात आणि काउंटरवरून फोनवर फोन येतात. रजिस्टरमध्ये दोन सह्या लागतात, तपासणाऱ्याची आणि साक्षीदाराची. एकीला लवकर निघायचं असेल तर दुसरी दोन्ही सह्या करायची. त्यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. माझ्या सहीची शेपटी तर ती माझ्यापेक्षा ठसठशीत काढायची. टेस्ट मात्र करायचीच, हे गृहीत होतं. निदान मी तरी धरलं होतं.

त्या शुक्रवारी सासूबाईंना मोतीबिंदूच्या तपासणीला न्यायचं होतं. “तू निघ, तुझी सही मी टाकते,” ती म्हणाली. हो म्हटलं आणि निघाले.

सोमवारी दुपारी इमारतीची वीज गेली. यूपीएसने साथ दिली नाही आणि कपाटातली बॅटरी मेलेलीच निघाली. नॉमिनी बदलल्याच्या ज्या नोंदींची पावतीसुद्धा काउंटरने दिली होती, त्या गायब. ज्या लॉगवरून, म्हणजे प्रत्येक बदलाच्या टिपणावरून, त्या परत आणता आल्या असत्या, तोही जागा कमी पडते म्हणून त्याच कपाटात हलवलेला. कल्याणच्या एका बाईंच्या हातात मुलीचं नाव असलेली पावती होती आणि आमच्याकडे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव.

मंगळवारी साहेबांनी दोघींना बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही, वेळ साडेपाच, शेरा ‘बॅटरी ठीक’. साक्षीदार ती. टेस्ट कोणी केली, एवढंच साहेबांना हवं होतं. जी केली म्हणेल तिची नोकरी धोक्यात होती. मी तिच्याकडे पाहिलं.

“टेस्ट मॅडमनी केली, सर. मी फक्त बाजूला उभी होते.”

बावीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे गुरुवारपर्यंत लेखी खुलासा मागितला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. जेवलीस का, विचारलं. मी नोंदी भरत राहिले. मग हळूच सांगू लागली: काउंटरचे फोन नकोसे झाले होते, म्हणून टेस्ट केलीच नाही. दर वेळी ठीकच तर येते.

“माझी दोनच वर्षं राहिलीत गं रिटायर व्हायला. तुला कोणी काढत नाही. तुझ्याशिवाय यांचं पान हलत नाही.”

“माझं नाव पुढे करण्याआधी विचारायचंस.”

“विचारलं होतं की. टाकते म्हटलं, तू हो म्हणालीस.”

हे खरं होतं, म्हणून राग जास्त आला.

गेटच्या कार्डावर मी चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद होती. ती दाखवली की मी सुटत होते. पण मग मागच्या शुक्रवारांच्या नोंदीही निघाल्या असत्या, आणि ज्या ज्या शुक्रवारी ती दुपारीच गेली होती, त्या दिवशीच्या साडेपाचच्या तिच्या सह्या माझ्या हातच्या होत्या. हे तिला ठाऊक होतं. साहेबांसमोर ती त्याच भरवशावर बोलली होती. मी तोंड उघडणार नाही, हे तिने आधीच धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या आधी पोचले. रजिस्टर घेऊन बसले आणि तिच्या नावाने मी केलेल्या सह्यांच्या तारखा खुलाशात एकाखाली एक लिहिल्या. त्या त्या दिवशी टेस्ट मी स्वतः केली होती, हेही लिहिलं. कोणी विश्वास ठेवो न ठेवो. शेवटी लिहिलं की त्या शुक्रवारी मी ऑफिसात नव्हते, गेटची नोंद पाहावी. कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचून विचारलं, हे देण्यापूर्वी नीट विचार केलात का? हो म्हटलं. मग त्याची एक झेरॉक्स काढली आणि ती यायच्या आत तिच्या टेबलावर ठेवली, घडी न घालता.