बाईंनी माफीनामा लिहिला नाही

अनुबाई गेल्याचं मला जुन्या जालन्यातून आलेल्या फोनवर कळलं. "शांतपणे गेल्या हो," पलीकडची मुलगी म्हणाली आणि मला, त्या क्षणीसुद्धा, रागच आला. शांतपणे? आमच्या बाई?... महिना होत आला, तो राग उतरत नाही. म्हणून लिहिते आहे.

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं होती ती. जुन्या जालन्यातल्या मुलींच्या शाळेत मी तिसरीत होते. बाई तेव्हा चोवीस-पंचविशीच्या. लग्न लहानपणीच झालेलं, नवरा वारलेला, भावाकडे राहायच्या, आणि त्या नोकरीवरच त्यांचं नि म्हाताऱ्या आईचं भागायचं. आमचं इतिहासाचं पुस्तक अगदी पातळ. गादीवर कोण बसलं, त्यानं काय बांधलं, संपलं. बाई धडा वाचून पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता घरी विचारून या. तवा तुमच्या आज्या काय करत होत्या?" आम्ही विचारायचो. कुणाची आजी प्लेगात गाव सोडून रानात झोपडीत राहिलेली, कुणाचे आजोबा कुंभार पिंपळगावाहून डोक्यावर बोचकं घेऊन पायी जालन्याला आलेले. दुसऱ्या दिवशी बाई हे सगळं फळ्यावर लिहायच्या, पुस्तकातल्या नावांशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

एकदा तपासणीचे साहेब आले. खिडकीतून शाळेमागची दगडी पायऱ्यांची बारव दिसायची. तिच्याकडे बोट दाखवत त्यांनी मला विचारलं, "ही कुणी बांधली?" पुस्तकात एका नवाबाचं नाव होतं, मला ते पाठही होतं. पण मी म्हणाले, "नवाबानं हुकूम दिल्ता. बांधली माझ्या पणजीनं. दुष्काळ होता. ती आन् गल्लीतल्या बाया दगड वाहत होत्या. मजुरीला नुस्ती जवारी भेटायची."

साहेब बाईंकडे वळले. "ये किताब में किदर लिखा है?"

"किताबीत न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून तर शिकवावं लागतं."

तीन दिवसांत माफीनामा द्यायचा हुकूम झाला. मुलींना चुकीचं शिकवलं, पुन्हा असं होणार नाही, एवढंच लिहायचं होतं. माझे वडील घाबरले. मला हाताला धरून बाईंच्या घरी घेऊन गेले. "पोरीचं चुकलं बाई. तुमी लिहून टाका अन् मोकळ्या व्हा." बाईंचा भाऊही तेच सांगत होता, आई नुसती पदराआड रडत होती. बाईंनी मला जवळ घेतलं आणि वडिलांना म्हणाल्या, "लेकरू बराबर बोललं. आज मी ते खोटं म्हणून लिहिलं, तर ही जन्मभर आपल्या पणजीला खोटी समजल. मला हे बिलकुल जमायचं न्हाई." तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद दिला. त्यावर एकच ओळ होती... मुलीचे उत्तर बरोबर आहे. खाली सही.

नोकरी गेली. भाऊ कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. बाई लोकांच्या चोळ्या शिवायला घेऊ लागल्या आणि दुपारी घराच्या ओट्यावर मुली बसवू लागल्या. आधी चौघी, मग अकरा. पुढे दंगलीच्या अफवा उठायला लागल्या, लोक भरदिवसा दारं लावून घेऊ लागले आणि मुली यायच्या थांबल्या. एका दुपारी मी एकटीच गेले होते. "आज सुट्टी का?" मी विचारलं. "का? तू आलीस ना?" असं म्हणून त्यांनी उभं राहून मला एकटीला पूर्ण धडा शिकवला, नेहमीच्याच खणखणीत आवाजात, रस्त्यावर ऐकू जाईल असा. मी सारखी रस्त्याकडे बघत होते. बाईंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

राज्य बदललं. नवे साहेब आले, बाईंना मानानं शाळेत परत घेतलं, हातात नवं पुस्तक दिलं. बाईंनी तिथंच उभ्या उभ्या ते चाळलं. "नावं बदलली साहेब. दगड वाहणारे अजून न्हाईतच यात." साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. आम्हाला जसं शिकवलं तसंच त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, आणि त्यापायी किती बदल्या झाल्या ते त्याच जाणोत. वडीगोद्री गावाला पाठवलं तर तिथल्या मुलींच्या आज्यांकडे विचारायला गेल्या.

गेल्या आठवड्यात शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, "त्या कठीण काळात अनुबाईंनी एकटीच्या बळावर ओट्यावरची शाळा चालवली." तेवढ्यात मागून आवाज आला, "एकटीनं न्हाई!" बाईंच्या शेजारच्या खैरूनबी काठी टेकत उठल्या होत्या. "मी गल्लीच्या तोंडाशी बसायची. कोन येतंय का बघत. हे बी सांगा." वक्ते गोंधळले. मग दुसरी एक म्हातारी उठली. "पाट्या माझ्या आईनं दिल्त्या." मग तिसरी... संयोजक वेळ संपल्याचं सांगत राहिले. कुणी बसायला तयार नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि नावं लिहून घ्यायला लागले.