केसरबाईंच्या दोनशे अकरा सह्या

केसरबाईंचा आवाज रंगमंचावर चालला असता. खर्जातला, न ओरडता मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या दोनशे चाळीस पोरांना ताटं धुवून रांगेत यायला सांगत होत्या आणि पोरं खरोखर येत होती.

ही पाथरमळ्याची जिल्हा परिषद शाळा. चाकण ओलांडून सहा-सात किलोमीटर गेलं की गोदामांच्या निळ्या पत्र्यांमध्ये हे गाव सापडतं. मी तिथे पथनाट्य घेऊन गेले होते. एके काळी पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांतले कामगार हौसेने नाटकं बसवायचे. त्यांच्यात बाई नसायची, म्हणून बाहेरून नटी बोलवायचे. ती बाहेरची नटी मी. पहिली पाळी सुटली की हाताला ऑइलचा वास असलेली ती माणसं तालमीला यायची आणि माझ्यासाठी कुणी ना कुणी घरून डबा आणायचा. ती मंडळं बंद पडली. आता आम्हाला सरकारी मोहिमांची कामं मिळतात. त्या वर्षीची मोहीम होती गावाच्या विकास आराखड्याची.

केसरबाई शाळेत पोषण आहार शिजवत. नवरा फाउंड्रीत होता, छातीच्या दुखण्याने गेला. अकरा वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या तेव्हा पहिला महिनाभर निम्मी पोरं घरून डबा आणत, कारण शिजवणारी बौद्धवाड्यातली. मुख्याध्यापिका चारुलताबाईंनी कुणाला समजावलं नाही, भाषण केलं नाही. रोज पहिलं ताट स्वतःचं वाढून घ्यायच्या आणि ओट्यावर सगळ्यांसमोर बसून जेवायच्या. महिन्याभराने डबे बंद झाले. केसरबाई हे सांगताना हसायच्या. म्हणायच्या, "माझ्या खिचडीनं न्हाई वळली लोकं. घरनं डबा करायचा बायांना कटाळा आला."

शाळेमागे दीड एकर गायरान होतं, नुसते दगड आणि बाभळी. केसरबाईंनी सात बायकांना घेऊन ते साफ केलं. कांदा-बटाट्याचं गाव, पण शेतं गोदामांना गेली आणि कोथिंबिरीची जुडीसुद्धा चाकणहून आणायची वेळ आली. त्या दीड एकरात पालक, मेथी, दुधी, वांगी, कडेने शेवगा असं सगळं आलं. शाळेच्या पातेल्यात पडून उरलेलं त्या बायका गावाच्या कमानीजवळ बसून विकत. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली खोल्यांतली भाडेकरू माणसं संध्याकाळी तिथेच भाजी घ्यायची. सातांपैकी उत्कर्षाचं घर तर त्यावरच चालायचं. मूलबाळ नाही, नवरा कंत्राटावर, आज आहे उद्या नाही.

आराखड्याच्या पहिल्या दिवशी शिवारफेरी झाली आणि मग शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. सगळे काढत होते तेव्हा केसरबाई लांब उभ्या होत्या. मग हिरव्या रांगोळीचं पुडकं उचलून त्या शाळेमागच्या चौकोनात बसल्या आणि तो भरू लागल्या.

सरपंच सुजित तिथेच होता. बत्तीस-तेहतीसचा, बोलायला गोड. "मावशी, सगळी हिरवी रांगोळी तुमीच संपवणार का? बाकीच्या गावाला ठेवा थोडी."

"तुमच्या गावात हिरवं उरलंय कुठं, सरपंच? दावा, तिथं टाकते."

लोक हसले, सुजितही हसला. केसरबाईंनी त्या चौकोनाला लागून एक छोटी खोली काढली. "ही आठवी," म्हणाल्या. शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला हायवे ओलांडून जावं लागतं आणि तिथे कंटेनर कुणासाठी थांबत नाही. दरवर्षी पंधरा-वीस मुली सातवीनंतर घरी बसत. केसरबाईंची मुलगी मैत्री त्यातलीच. आता ती एका गोदामात खोक्यांना पट्ट्या लावते, उभ्याने, बारा तास.

बागेचं आरक्षण आणि आठवीचा वर्ग, दोन्ही आराखड्यात जायला ग्रामसभेचा ठराव हवा. ग्रामसभेला शंभर माणसं हवीत. पाथरमळ्यात शंभर माणसं एका वेळी जागी आणि मोकळी असतील अशी वेळच नाही. कोणी पाळीवर, कोणी पाळीवरून येऊन झोपलेलं. त्यामुळे गावाने वर्षानुवर्षं एक रीत पाडली होती. शिपाई कोंडीराम हजेरीचं पुस्तक घेऊन सभेआधी दारोदार फिरायचा, लोक सह्या करायचे, आणि सभा पंधरा माणसांत उरकायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सही केली की सभेला गेल्यासारखंच.

त्या खेपेला लोक कोंडीरामला सह्या देईनात. नळाच्या पाण्यावरून पंचायतीवर राग होता. तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेब पुस्तक घेऊन शाळेच्या स्वयंपाकखोलीत आले.

"मावशी, तुमच्या शब्दाला गाव मानतं. गणपूर्ती झाली न्हाई तर बाग पण ऱ्हाईली आणि आठवी पण."

केसरबाईंनी पदराला हात पुसले आणि पुस्तक घेतलं. पहिली सही स्वतःची केली. चार दिवस त्या फिरल्या. पहाटे रात्रपाळी सुटायच्या वेळी कमानीत उभ्या राहिल्या, दुपारी खोल्यांवर गेल्या. ज्या आळीतून एके काळी डबे यायचे, त्या आळीत लोकांनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला आणि न वाचता सही दिली. "कशाला वाचायचं? तुमी आणलंय ना." दोनशे अकरा सह्या झाल्या. असल्या गावात एवढ्या सह्या कुणाला कधी मिळाल्या नव्हत्या. भाऊसाहेबांना पुस्तक परत देताना त्यांची मान किती ताठ होती ते मी पाहिलं आहे.

सभेच्या दिवशी आमचा प्रयोग सभेनंतर होता, म्हणून मी मंडपात बसले. नटीला प्रेक्षक मोजायची खोड असते. चाळीस माणसं होती. पहिले विषय वाचले गेले, शाळेमागची बाग मंजूर, आठवीचा वर्ग मंजूर. टाळ्या पडल्या. केसरबाई उठल्या. साडेदहा झाले होते, तांदूळ टाकायचा होता. सातही बायका त्यांच्यामागे गेल्या, भाजी निवडायची होती. मंडपात तीसेक माणसं उरली. शेवटी भाऊसाहेबांनी ऐनवेळचे विषय म्हणून दोन-चार ठराव भराभर वाचले. मी मंडपामागे जाऊन पायाला घुंगरू बांधत होते. खरं सांगते, मला एकही शब्द ऐकू आला नाही.

एक महिन्याने मोजणीवाले बागेत आले. चुन्याच्या फक्कीने वांग्याच्या सरीवरून पांढरी रेघ ओढली. केसरबाईंनी विचारलं तर त्यांनी कागद दाखवला. ठराव क्रमांक अकरा, गावाच्या आर्थिक विकासासाठी शाळेमागचं गायरान ट्रकच्या वाहनतळाला देण्यास ग्रामसभेची एकमताने संमती. सोबत दोनशे अकरा सह्या, पहिली केसरबाईंची. बागेचा ठरावही होता, त्यात एवढंच लिहिलं होतं की गावात परसबाग करावी, जागा उपलब्ध होईल तिथे.

सुजितला जाब विचारायला सगळ्या गेल्या. तो चिडला नाही. "मावशी, आराखडा म्हणजे नुसती मेथी-पालक न्हाई. गावाला उत्पन्न नको? पोरांना कामं नकोत? आणि मी काय लपून केलंय का, सभेत वाचलंय. तुमी उठून गेला, त्याला मी काय करू?"

गणपूर्ती नसती तर सभा तहकूब झाली असती, आणि तहकूब सभेत नवा विषय आणता येत नाही. म्हणजे ती शंभर माणसं सुजितलाही हवी होती. ती केसरबाईंनी आणून दिली होती.

गाव दोन दिवसांत बदललं. ज्यांनी न वाचता सह्या दिल्या तेच म्हणू लागले, "आमाला म्हणली बाग, आन् घेतल्या ट्रकसाठी." एकाने त्यांच्या जातीवरून बोलून घेतलं. चारुलताबाईंनी अर्ज लिहून दिला, सह्या सभेत झालेल्या नाहीत, दारात घेतल्या, म्हणून सभा रद्द करावी. केसरबाईंनी खाली सही केली. चौकशीला तालुक्याहून अधिकारी येणार असं कळलं तेव्हा त्यांनी मला रहाटणीला घरी फोन केला.

"बाई, तुमी मोजली व्हती न्हवं माणसं? चाळीस म्हणाला व्हता. तेवढं येऊन सांगा."

मी गेले. पंचायतीच्या ओट्यावर चारुलताबाई आणि सातही बायका बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे उत्कर्षा, हातात अर्जाची घडी. अधिकारी यायचे होते. भाऊसाहेब केसरबाईंना बाजूला घेऊन गेले. मी दोन पावलांवर होते.

"मावशी, ठराव सहा आठवीचा आणि ठराव अकरा वाहनतळाचा. सभा एकच. सभाच खोटी ठरली तर दोन्ही गेले. आठवीचा कागद वर मंजुरीला पोचलाय. परत सभा, परत शंभर माणसं, आता कोण सही देणार तुमाला? हे वर्ष गेलं बघा. पुढच्या वर्षी कोण अधिकारी, कोण सरपंच, कुणाला ठावं." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन् खोटी हजेरी कुणी घेतली, हे बी लिहावं लागंल."

ती धमकी होती आणि ते खरंही होतं. केसरबाईंनी शाळेकडे पाहिलं. मधली सुट्टी झाली होती. सातवीच्या मुली नळावर ताटं धूत होत्या.  

अधिकारी आले, खुर्ची घेतली, पुस्तक उघडलं. "केसरबाई कोण? या सह्या सभेत झाल्या की दारात?"

"सभेत," केसरबाई म्हणाल्या.

उत्कर्षा उभी राहिली. "काय बोलती ही? अगं, माझ्या न्हाणीच्या दारात घेतलीस तू माझी सही."

"सभेत झाल्या, साहेब. अर्ज रागात लिहिला."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी होतात म्हणे. किती माणसं होती?"

मी केसरबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली आहेत, पण इतकं जड एकही नव्हतं.

"मंडप भरला होता," मी म्हणाले.

चारुलताबाई शाळेत निघून गेल्या. अर्ज निकाली निघाला.

बाग उठवायच्या दिवशी मी गेले होते. बायकांनी कोवळी वांगी, कच्चा दुधी, सगळं आधीच ओरबाडून नेलं होतं. केसरबाई आल्या नाहीत. त्या चुलीजवळ होत्या, पातेल्यात डाळ होती. जेसीबीने दुपारपर्यंत शेवग्याची झाडं आडवी केली आणि खडी पडली.

जूनमध्ये आठवी सुरू झाली, शाळेच्या जुन्या सामानाच्या खोलीत. पट सतरा, त्यात चौदा मुली. मी बघायला गेले. मुली बाकांवर दाटीने बसल्या होत्या आणि भिंतीपलीकडे मागे येणाऱ्या ट्रकांचे भोंगे सारखे वाजत होते, त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंना थांबून थांबून बोलावं लागत होतं. भाजी आता आठवड्यातून एकदा चाकणच्या बाजारातून येते. शुक्रवारपर्यंत पालक काळा पडतो. केसरबाई तो पानापानाने निवडतात.

त्यांनी का खोटं सांगितलं ते मी बायकांना समजावलं. ज्यांच्या मुली आठवीत आहेत त्या दोघी-तिघी केसरबाईंशी बोलू लागल्या. सुजितनेही एकदा येऊन सांगितलं, "मावशी, तुमी गावाचं भलं केलंत." त्यावर त्यांनी त्याला, "ताट घ्या आन् रांगेत बसा," म्हटलं. तो हसला. त्या नाही.

उत्कर्षा वाहनतळावरच्या चहाच्या टपरीवर कप विसळते. शाळेच्या नळावर पाणी भरायला येते. मी शेवटची गेले तेव्हा केसरबाई तिच्याजवळ गेल्या. सोबत मी.

"उत्कर्षा, जेवलीस का? खिचडी हाय. बस जरा."

उत्कर्षाने कळशी भरून घेतली. मग वळली.

"चौदा पोरी शिकल्या तुझ्या. लई चांगलं झालं. त्यात माझं कोण हाय, केसरबाई?"

  उत्कर्षा कळशी कमरेवर घेऊन ट्रकांच्या मधून निघून गेली. घंटा झाली, पोरं ताटं घेऊन आली, आणि केसरबाईंनी पातेल्याचं झाकण काढून वाढायला घेतलं.